७३२ साली नेमकं कोण वाचलं?

इतिहासात 'जर-तर'ला अर्थ नसतो, असं आपण एका दमात म्हणतो आणि पुढच्याच वाक्याची सुरुवात 'पण जर' अशी करतो. पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागली नसती तर, हा प्रश्न मराठी घरात कुणाला शिकवावा लागत नाही. जयंत नारळीकरांनी तर त्यावर 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही विज्ञानकथाच लिहिली. युरोपचंही असं एक पानिपत आहे. फरक इतकाच, की ते तिथल्या लोकांच्या मते 'ते' जिंकले. त्यामुळे तिथे या प्रश्नात हळहळ नसते, सुटकेचा निःश्वास असतो: तेव्हा आपण हरलो असतो तर?

साल ७३२, महिना ऑक्टोबर, जागा आजच्या फ्रान्समधल्या तूर आणि प्वातिए या दोन शहरांच्या मधली कुठली तरी. एका बाजूला स्पेनचा मुसलमान सुभेदार अब्दुर्रहमान अल-गाफिकी, दुसऱ्या बाजूला फ्रँक लोकांचा सेनानी शार्ल मार्तेल. शार्ल जिंकला. तो हरला असता तर अख्खा युरोप मुसलमान झाला असता का, यावर अडीचशे वर्षं पुस्तकं निघताहेत आणि आता यूट्यूबवर व्हिडिओही निघतात.

मला या प्रश्नाच्या उत्तरापेक्षा त्यातल्या एका शब्दाबद्दल जास्त कुतूहल आहे. तो शब्द म्हणजे 'आपण'. तेराशे वर्षांपूर्वीच्या लढाईत 'आपण वाचलो' असं जेव्हा कुणी म्हणतं, तेव्हा नेमकं कोण वाचलेलं असतं? आणि त्या वाचण्याबद्दल आज कुणाचे आभार मानणं किंवा कुणावर राग धरणं याला नैतिकदृष्ट्या काही अर्थ उरतो का?

आधी, काय घडलं ते

७११ साली तारिक इब्न झियाद उत्तर आफ्रिकेतून सामुद्रधुनी ओलांडून स्पेनमध्ये उतरला. व्हिसिगॉथ राजा रोडरिकचा पराभव झाला आणि काही वर्षांतच स्पेन-पोर्तुगालचा बहुतेक भाग दमास्कसच्या उमय्यद खिलाफतीकडे गेला. मग फौजा पिरेनीज पर्वत ओलांडून आजच्या दक्षिण फ्रान्समधल्या नार्बोनपर्यंत पोचल्या. ७२१ मध्ये तुलूझला त्यांना अडवलं ते अ‍ॅक्विटेनचा ड्यूक ओदो याने. त्या लढाईत स्पेनचा तेव्हाचा सुभेदार अल-सम्हही मारला गेला. म्हणजे 'युरोप वाचवणाऱ्या' लढाईचा मान द्यायचाच, तर तुलूझचाही दावा कमी नाही. पण ओदोचं नाव आज फारसं कुणाला माहीत नाही.

कारण ओदोची गोष्ट सरळ नाही. पुढे त्याने पिरेनीजमधल्या मुनुझा नावाच्या बर्बर मुसलमान सरदाराशी तह केला आणि आपली मुलगी त्याला दिली. ओदोला उत्तरेकडून शार्लची भीती होती, आणि मुनुझाचं कोर्दोबाच्या सत्तेशी बिनसलं होतं. दोघांच्याही डोक्यावर आपापल्या धर्माचाच शत्रू बसलेला होता. ७३१ मध्ये शार्लने खरोखरच अ‍ॅक्विटेनवर स्वाऱ्या केल्या, आणि त्याच सुमारास अल-गाफिकीच्या फौजेने मुनुझाला संपवलं. पुढच्या वर्षी अल-गाफिकी पिरेनीज ओलांडून बोर्दोवर आला. शहर लुटलं गेलं, ओदोची फौज कापली गेली, आणि मदतीसाठी ओदोला शार्लकडेच जावं लागलं.

हा शार्ल राजा नव्हता. गादीवर मेरोव्हिंजियन घराण्याचा नामधारी राजा होता आणि शार्ल त्याचा कारभारी. सातारची गादी आणि पुण्याचे पेशवे आठवले की ही व्यवस्था लगेच कळते. दोन्ही फौजा काही दिवस समोरासमोर उभ्या राहिल्या, मग लढाई झाली आणि अल-गाफिकी पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी फ्रँक सैनिक पुन्हा लढायच्या तयारीने बाहेर आले, तर समोरचे तंबू रिकामे होते. रातोरात फौज निघून गेली होती.

ही माहिती आपल्याला मुख्यतः ७५४ सालच्या एका लॅटिन बखरीतून मिळते. ती लिहिणारा ख्रिश्चन होता, पण राहत होता मुसलमानांच्या राज्यात, स्पेनमध्ये. जिंकलेल्या फौजेला तो 'युरोपीय' म्हणतो. लोकांच्या समूहासाठी हा शब्द वापरल्याचं हे फार जुनं उदाहरण मानलं जातं. गंमत बघा: 'युरोपीय' हा शब्द ज्याने लिहिला, तो स्वतः त्या 'युरोपीयां'च्या पलीकडच्या बाजूला राहत होता. त्याच्या लेखी ते 'आपण' नव्हते.

लढाईनंतर काय झालं

प्वातिएच्या लढाईने सगळं थांबलं असतं, तर निदान गोष्ट सोपी झाली असती. पण काही वर्षांतच प्रोव्हान्सच्या मॉरोन्तुस नावाच्या ख्रिश्चन सरदाराने शार्लविरुद्ध नार्बोनच्या मुसलमान सुभेदाराशी हातमिळवणी केली. ७३७ मध्ये शार्लने आव्हिन्यों घेतलं, पण नार्बोन त्याला घेता आलं नाही. परतताना त्याने बेझिए, आग्द, मागलोन या शहरांची नासधूस केली. ही शहरं ख्रिश्चनांचीच होती. नार्बोन पडलं ७५९ मध्ये, शार्लच्या मुलाच्या काळात, म्हणजे प्वातिएनंतर सत्तावीस वर्षांनी.

मधल्या काळात खरा धक्का भलतीकडेच बसला. ७४० च्या सुमारास उत्तर आफ्रिकेत बर्बरांनी बंड केलं. फौजेत लढायला पुढे असलेल्या या लोकांना, मुसलमान होऊनही, करात आणि लुटीच्या वाट्यात अरबांच्या खालची वागणूक मिळत होती. बंडाची आग स्पेनमध्येही पसरली. ७५० मध्ये अब्बासींनी उमय्यद घराणंच उलथून टाकलं. त्यातून निसटलेल्या एका राजपुत्राने ७५६ मध्ये कोर्दोबात वेगळं राज्य मांडलं. इतकी घरची भांडणं चालू असताना उत्तरेकडे साम्राज्य कुणी वाढवायचं?

त्यामुळे आजचे बरेच इतिहासकार ७३२ च्या स्वारीकडे मुख्यतः लुटीची मोहीम म्हणून बघतात. तूरच्या संत मार्टिनच्या मठात मोठी संपत्ती होती आणि फौज त्या दिशेने निघाली होती. यावर कुणी म्हणेल की स्पेनची सुरुवातही स्वारीनेच झाली होती. बरोबर आहे, वाद अजून मिटलेला नाही. पण एका दुपारच्या लढाईवर पुढची तेरा शतकं टांगणं अवघड आहे, एवढं तरी म्हणता येतं.

ऑक्सफर्डमधलं कुराण

या लढाईला 'इतिहासाचं वळण' करण्यात मोठा वाटा एडवर्ड गिबनचा. रोमन साम्राज्याच्या ऱ्हासावरच्या ग्रंथाच्या १७८८ साली आलेल्या भागात त्याने कल्पना केली, की शार्ल हरला असता तर आज ऑक्सफर्डमध्ये कुराण शिकवलं जात असतं. वाक्यात खोचकपणा आहे. गिबन ऑक्सफर्डमध्ये काही महिने शिकला होता आणि तिथल्या प्राध्यापकांबद्दल त्याचं मत अगदी वाईट होतं. पण खोच विसरली गेली आणि भीती तेवढी उरली.

प्रत्यक्षात गिबन लिहीत होता तेव्हा ऑक्सफर्डमध्ये अरबी भाषेचं अध्यासन स्थापन होऊन दीडशे वर्षं झाली होती. ते १६३६ पासून आहे. त्याच्याही आधी, ११४३ मध्ये, रॉबर्ट ऑफ केटन या इंग्रजाने कुराणाचा लॅटिन अनुवाद पूर्ण केला होता. पुढच्या काही दशकांत टोलेडोमध्ये क्रेमोनाच्या जेरार्डने टॉलेमीचा खगोलग्रंथ आणि इब्न सीनाचा वैद्यकग्रंथ अरबीतून लॅटिनमध्ये आणला. मी दिवसभर ज्या गोष्टींवर पोट भरतो त्या 'अल्गोरिदम'च्या नावात बगदादचा अल-ख्वारिझ्मी बसलेला आहे. हे सगळं शार्ल जिंकलेल्या युरोपात घडलं. एखादी लढाई जिंकली म्हणून पलीकडचं सगळं पलीकडेच राहतं, असं होत नाही.

आणि शार्लचं काय झालं? ज्याला पुढे 'ख्रिस्ती जगाचा तारणहार' म्हटलं गेलं, त्याने आपल्या सरदारांना पोसण्यासाठी चर्चच्या जमिनी घेतल्या होत्या. नवव्या शतकात बिशपांच्या वर्तुळात गोष्ट फिरत होती की शार्ल नरकात सडतो आहे, आणि त्याची कबर उघडली तेव्हा आतून अजगरासारखा प्राणी बाहेर आला. ८५८ सालच्या बिशपांच्या एका पत्रात ती लिहिलेली आहे. लढाईनंतर सव्वाशे वर्षांनी खुद्द चर्चचे धुरीण त्याला तारणहार समजत नव्हते. 'वाचलेले लोक' नंतर तयार झाले, जेव्हा त्यांना त्याची गरज पडली तेव्हा.

गरज कुणाला पडते

डिसेंबर १९७३ मध्ये मार्सेय शहरात अल्जीरियाच्या वकिलातीत बॉम्बस्फोट होऊन चार माणसं मेली. जबाबदारी घेणाऱ्या गटाने स्वतःला 'शार्ल मार्तेल' हे नाव दिलं होतं. ऑक्टोबर २०१२ मध्ये एका उजव्या गटाचे तरुण प्वातिए शहरात बांधकाम चालू असलेल्या मशिदीच्या छतावर चढले आणि '७३२' लिहिलेला फलक लावून बसले. १५ मार्च २०१९ ला न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चच्या दोन मशिदींत एका माणसाने ५१ जणांना मारलं. मेलेल्यांत भारतातून गेलेले लोकही होते. त्याच्या बंदुकांवर जुन्या लढायांची नावं आणि सालं लिहिलेली होती, त्यात ७३२ होतं आणि शार्ल मार्तेलचं नावही.

म्हणजे 'हरलो असतो तर' हा केवळ चहाच्या टपरीवरचा विषय नाही. कुणीतरी त्याचं उत्तर पक्कं धरून, त्यावर हिशेब मांडून, शुक्रवारच्या नमाजाला बसलेल्या माणसांकडून वसुली करायला निघतो.

उलट बाजूनेही हाच खेळ खेळला जातो, अर्थात रक्त न सांडता. अमेरिकन इतिहासकार डेव्हिड लेव्हरिंग लुइस यांनी २००८ च्या 'गॉड्स क्रूसिबल' या पुस्तकात मांडलं, की शार्ल हरला असता तर मागासलेला पश्चिम युरोप एका पुढारलेल्या, बहुधर्मी संस्कृतीचा भाग झाला असता आणि ते भल्याचं ठरलं असतं. मला ही बाजू ऐकायला जास्त आवडते. पण पद्धत तीच आहे: एक लढाई फिरवा, तेराशे वर्षं पुढे पळवा, आणि शेवटी स्वतःला हवा तो युरोप काढून दाखवा.

त्या काळाकडे नीट पाहिलं तर दोन्ही चित्रांना तडे जातात. ६९४ साली टोलेडोच्या धर्मपरिषदेने ज्यूंना गुलाम करण्याचा ठराव केला होता. त्या ज्यूंसाठी ७११ ची स्वारी हे संकट होतं का? बोर्दोत ज्यांची घरं लुटली त्यांना बहुधर्मी संस्कृतीचं काय कौतुक सांगणार? ८५० च्या दशकात कोर्दोबात इस्लामची जाहीर निंदा केल्याबद्दल जवळपास पन्नास ख्रिश्चनांना मृत्युदंड झाला. आणि शार्लच्या नातवाने, शार्लमेनने, ७८२ मध्ये एका दिवसात ४,५०० सॅक्सन कैद्यांची मुंडकी उडवली, असं त्याच्याच दरबाराच्या बखरीत लिहिलं आहे. बाप्तिस्मा नाकारणाऱ्या सॅक्सनांना मृत्युदंड, असा कायदाही त्याने केला. ७३२ मध्ये एका बाजूला स्वातंत्र्य आणि दुसऱ्या बाजूला जुलूम उभा होता, असं म्हणायला काहीच आधार नाही.

ते 'आपण' कोण

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. इंग्लिश तत्त्वज्ञ डेरेक पार्फिट यांनी १९८४ च्या 'रीझन्स अँड पर्सन्स' या ग्रंथात एक साधी वाटणारी, पण डोकं फिरवणारी गोष्ट मांडली. तुमच्या आईवडिलांना मूल एक महिना उशिरा झालं असतं, तर ते मूल तुम्ही नसता. दुसरंच कुणीतरी असतं, कदाचित त्याच नावाचं. आपण प्रत्येक जण अशा लाखो बारीक योगायोगांच्या टोकाला आहोत.

हे ७३२ ला लावून बघा. तेव्हापासून आजवर चाळीस-पन्नास पिढ्या झाल्या. फ्रान्सचा इतिहास वेगळा झाला असता, तर कोण कुणाला भेटलं, कुठलं लग्न कधी झालं, कोण रोगात गेलं आणि कोण वाचलं, हे सगळं बदललं असतं. आणि हे फक्त फ्रान्सपुरतं नाही. युरोपचा इतिहास वेगळा असता तर पोर्तुगीज गोव्यात आले असते का, ते कसे सांगणार? वडापावातला बटाटा, मिरची आणि पाव ही सगळी त्यांच्याच काळात, त्यांच्याच वाटेने आली. म्हणजे वडापाव गेला, आणि त्याच्या गाडीवर पहिल्यांदा भेटलेली जोडपीही गेली. त्या दुसऱ्या जगात हा लेख लिहिणारा नसता आणि वाचणारे तुम्हीही नसता.

मग 'शार्लमुळे आपण वाचलो' या वाक्याचं काय करायचं? शार्ल हरला असता तर 'आपण' मुसलमान झालो नसतो, गुलामही झालो नसतो आणि सुखीही झालो नसतो. 'आपण' जन्मालाच आलो नसतो. दुसरी माणसं असती. त्यांची मुलं असती, त्यांची गाणी, त्यांच्या भाषा. आणि त्यांच्यातला कुणीतरी आज बसून लिहीत असता: 'बरं झालं, ७३२ मध्ये अल-गाफिकी जिंकला, नाहीतर आपलं काय झालं असतं!' जिंकलेल्या प्रत्येक लढाईला असे कृतज्ञ वारस आपोआप मिळतात. म्हणून वारसांच्या कृतज्ञतेवरून लढाई न्याय्य होती की नव्हती, हे ठरत नाही.

यावर एक सरळ आक्षेप येतो. माणसं वेगळी असती हे मान्य, पण कुठलं जग जास्त चांगलं हे तर ठरवता येईल ना? तत्त्वतः येईल. ज्या जगात दुःख कमी, ते चांगलं. पण त्यासाठी त्या दुसऱ्या जगाची तेराशे वर्षं कळायला हवीत. आमच्या धंद्यात बदल मागे घेता येतो. सर्व्हर पडला तर कालचा कोड परत चढवायचा, तोच भार देऊन बघायचा, आणि चूक त्याच ओळीत होती का ते तपासायचं. 'ही ओळ नसती तर' याला तिथे खरं उत्तर मिळतं, कारण प्रयोग पुन्हा करता येतो. ७३२ चा प्रयोग पुन्हा करता येत नाही. तिथे जो ठामपणे उत्तर देतो, तो उत्तर शोधत नसून आधीच ठरवलेलं सांगत असतो.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे, आणि तो मला बराच काळ अडवून होता. पार्फिटचं बोट धरून कुणीही म्हणू शकेल: मग जुन्या अन्यायाबद्दल कुणीच बोलू नये! गुलामगिरी नसती, वसाहतवाद नसता, जातिव्यवस्था नसती, तर तुम्ही जन्मलाच नसता. मग तक्रार कसली? हा युक्तिवाद खरोखर केला जातो, आणि तो सोयीच्या माणसांकडूनच केला जातो.

मला वाटतं, इथे एक कसोटी लावता येते. तक्रार 'जर-तर' न वापरता मांडता येते का ते बघायचं. आज शहरात आडनाव ऐकून ज्याला भाड्याने घर नाकारलं जातं, त्याला हजार वर्षांपूर्वीचा इतिहास फिरवून दाखवावा लागत नाही. आज दार बंद झालं, एवढं वाक्य पुरतं. इतिहास फक्त हे सांगतो की दार बंद करायची सवय कुठून आली. १९७३ च्या स्फोटात ज्याचा बाप गेला त्यालाही कुठलं काल्पनिक जग रचावं लागत नाही. पण मशिदीच्या छतावर '७३२' लिहून बसलेल्या तरुणाला विचारा, तुझं नेमकं काय गेलं? त्याला एक कधीच न घडलेला पराभव आणि त्यातून आलेला एक कधीच न झालेला युरोप उभा करावा लागतो. 'जर-तर' काढून घेतलं की त्या तक्रारीत काही उरत नाही. जी तक्रार 'जर-तर'शिवाय उभी राहते, ती ऐकायला हवी, मग ती कितीही जुनी असो. जी उभी राहत नाही, ती गोष्ट आहे. ती गोष्ट म्हणून ऐकावी, पण तिच्या नावाने वसुली करू देऊ नये. ही कसोटी पानिपतालाही लागते, आणि आपल्याकडे रोज फॉरवर्ड होणाऱ्या कित्येक जुन्या लढायांनाही.

मग ७३२ बद्दल नैतिक असं काहीच म्हणायचं नाही का? म्हणता येतं, पण ते तेव्हाच्या माणसांबद्दल. बोर्दोत लुटल्या गेलेल्या लोकांवर अन्याय झाला. पाच वर्षांनी शार्लच्या फौजेने मागलोनला केलं तोही अन्यायच होता. यासाठी आपण त्यांचे वारस असायची गरज नाही, आणि त्यांच्यापैकी कुणाच्याही बाजूने उभं राहायचीही नाही.

आणि 'जर-तर'सुद्धा सगळंच टाकून द्यायचं नाही. जवळचं, तपासता येण्याजोगं 'जर-तर' हा तर जबाबदारी ठरवण्याचा एकमेव मार्ग आहे. क्राइस्टचर्चच्या हल्ल्यानंतर न्यूझीलंडमध्ये असाच एक प्रश्न विचारला गेला: त्या माणसाला अशा बंदुका सहज मिळाल्या नसत्या तर? महिन्याभराच्या आत, १० एप्रिल २०१९ ला, तिथल्या संसदेने बहुतेक सेमी-ऑटोमॅटिक बंदुकांवर बंदी घालणारा कायदा ११९ विरुद्ध १ मतांनी मंजूर केला.